पाठ्यपुस्तकातील वह्यांची पाने : दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

शैक्षणिक वर्ष २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत महाराष्ट्रातील दुसरी ते आठवीच्या मुलांच्या दप्तरात जे पाठ्यपुस्तक होते, त्याचे हे परीक्षण आहे. पाठ किंवा कविता संपली की पुढे ‘माझी नोंद’ लिहिण्यासाठी वहीसारखी पाने होती. वर्षभराचा अभ्यासक्रम चार भागांत विभागलेला होता, म्हणजे एका वेळी दप्तरात एकच भाग न्यायचा. ८ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने ही पाने पुस्तकात आली आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस निघालेल्या शासन निर्णयाने ती गेली. वापरातून गेलेल्या वस्तूविषयी आता लिहिण्याचे कारण असे की, नव्या अभ्यासक्रमानुसार पहिलीचे पुस्तक २०२५-२६ मध्ये बदलले आहे आणि पुढच्या इयत्तांची पुस्तकेही टप्प्याटप्प्याने बदलायची आहेत. ती तयार करणाऱ्यांसमोर या पानांचा अनुभव असायला हवा, आणि तो ‘प्रयोग फसला’ एवढ्या दोन शब्दांत असू नये, असे मला मनापासून वाटते.

मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी हे दोन वर्ग माझ्याकडे असतात. पुढचे सारे लेखन या दोन इयत्तांच्या पुस्तकांवर आधारलेले आहे. सातवी-आठवीला विषयवार शिकवणाऱ्या शिक्षकांना यातील काही गोष्टी वेगळ्या दिसतील, हे मी जाणते.

पुस्तक बालभारतीचे आहे. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ हे तिचे पूर्ण नाव. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाच्या पुस्तकांवर राज्यातील दोन-तीन पिढ्या वाढल्या आहेत. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना ही पुस्तके समग्र शिक्षा अभियानातून मोफत मिळतात. बाहेरून पाहणाऱ्याला ‘मोफत’ हा शब्द साधा वाटेल. माझ्या शाळेतील कित्येक घरांत मात्र पंचांग आणि दिनदर्शिका सोडल्यास छापील असे दुसरे काही नसते, आणि त्यामुळे हे पुस्तक त्या घरातले एकमेव पुस्तक असते. ते मोठी भावंडे वाचतात, आजोबा चित्रे पाहतात, आई रात्री मुलाकडून त्यातली कविता म्हणवून घेते. म्हणून त्यात एक पान वाढवायचे किंवा कमी करायचे, तर तो निर्णय फार जपून घ्यायला हवा.

पाने जोडण्यामागे शासनाचे दोन हेतू होते. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा पहिला. ज्या घरांना दर विषयाची वेगळी वही परवडत नाही, तिथल्या मुलांना लिहायला जागा मिळावी, हा दुसरा. वर्गात शिकताना कळलेले शब्दांचे अर्थ, सूत्रे, महत्त्वाचे मुद्दे, मुलाला सुचलेले काही, असे सगळे त्या पानांवर यावे अशी अपेक्षा होती. हेतू दोन्ही चांगलेच होते. पण ते एकाच पानावर लादले गेले आणि तिथेच पुढच्या अडचणींचे मूळ आहे.

पहिल्या हेतूविषयी थोडक्यात सांगता येईल. केंद्र शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये; तिसरी ते पाचवीसाठी ते साधारण १.७ ते २.५ किलोच्या दरम्यान धरले आहे. पुस्तकाचे चार भाग केल्याने या हिशेबात खरोखर फरक पडतो, आणि या पुस्तकाची ती सर्वांत यशस्वी बाजू आहे. परंतु प्रत्येक भागात कोरी पाने घातली की त्याच भागाची जाडी वाढते. वहीच बंद झाली असती तर ही वाढ सोसता आली असती. वही बंद होणे शक्य नव्हते, हे तिसरीच्या गणिताचा एक आठवडा शिकवला तरी कळते. हातच्याची वजाबाकी मुलाच्या हाती बसायची तर पन्नास-साठ उदाहरणे सोडवावी लागतात. त्याला चौकटीची वही लागते, इंग्रजीला चौरेघी लागते, शुद्धलेखनाला दुरेघी लागते. घटकाच्या शेवटी जोडलेली मोजकी पाने या सरावाला पुरणार नव्हती. परिणामी पुस्तक जाड झाले आणि वह्याही दप्तरात राहिल्या. पाने काढून टाकण्याच्या निर्णयात शासनाने दिलेले मुख्य कारणही हेच आहे : मुले या पानांचा प्रभावी वापर करत नाहीत, वह्या आणतातच, आणि म्हणून ओझे कमी झालेले नाही.

हे कारण खरे आहे, यात वाद नाही. माझे म्हणणे असे की, ओझ्याचा प्रश्न पुस्तकाच्या पानांत कमी आणि शाळेच्या खोलीत जास्त आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. तिसरीच्या मुलाने भरलेली मोठी बाटली आणली, तर धोरणाने ठरवलेल्या वजनाचा निम्मा वाटा त्या बाटलीतच संपतो. शाळेत पिण्याच्या स्वच्छ पाण्याची खात्री असेल तर ती बाटली घरी राहते. वर्गात मुलाच्या नावाचा एक कप्पा असेल तर सरावाच्या वह्या तिथेच राहतात आणि घरी फक्त गृहपाठाची वही जाते. त्याच दप्तर धोरणात पाण्याचा आणि कप्प्यांचाही विचार आहे. आमच्या शाळेत लोकवर्गणीतून आलेल्या एका लोखंडी कपाटात तिसरीच्या वह्या राहू लागल्या, त्या दिवसापासून दप्तरे हलकी झाल्याचे पालकांनी आपणहून सांगितले. पाने पुस्तकात होती तेव्हाही कपाट उपयोगी पडले आणि पाने गेल्यावरही पडते आहे.

आता त्या पानाविषयी. या पुस्तकात खरे नवे काही असेल तर ते हे पान होते, आणि त्याविषयीच सर्वांत कमी बोलले गेले आहे.

मराठी शाळेतल्या मुलाच्या वहीत स्वतःचे असे फार थोडे असते. फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवायची, शब्दार्थ उतरवायचे, खाली शिक्षकांची लाल सही घ्यायची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. पालकही वही उघडून पाहतात ते पाने भरली आहेत की नाही हे. अशा वहीत मुलाला काय समजले ते कळत नाही. त्याला काय उतरवता आले एवढेच कळते. पाठाच्या पोटातच कोरे पान आले आणि वर ‘माझी नोंद’ असे लिहिलेले दिसले, तेव्हा वर्गातली मुले पहिल्या दिवशी थबकली. ‘बाई, इथे काय लिहायचे?’ हा प्रश्न मला तिसरीत आठ-दहा जणांनी विचारला. या प्रश्नाचे छापील उत्तर कोणत्याही पुस्तकात नसते. मीही पहिले काही आठवडे त्याचे चुकीचे उत्तर दिले. स्वाध्यायाची उत्तरे तिथे लिहून घेतली. पाने भरली, नीटनेटकी दिसली आणि सगळ्यांची सारखी झाली.

ती सारखी आहेत हे लक्षात आल्यावर मी पाण्याविषयीच्या पाठाच्या वेळी वेगळे केले. त्या पानावर फक्त अशी गोष्ट लिहायची की जी पुस्तकात नाही आणि तुम्ही स्वतः पाहिली किंवा घरी विचारली आहे, एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने गावातल्या जुन्या विहिरीचे चित्र काढून आणले. खाली मोडक्या अक्षरांत चार ओळी होत्या : ‘आजी दोन हंडे आणायची. पायऱ्या बारा आहेत. आता चार दिसतात. बाकीच्या पाण्यात आहेत.’ जुलै महिना होता, विहीर वर आलेली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने तेच पान पुन्हा उघडून दाखवले. खाली पेन्सिलीने एक ओळ वाढली होती : ‘आता सात दिसतात.’ मी तिला असे काही करायला सांगितले नव्हते. मार्चमध्ये तिथे ‘अकरा’ असे लिहिलेले होते, आणि त्याच्या शेजारी तिच्या आजीने सांगितलेले वाक्य होते की, पूर्वी अकरावी पायरी चैत्र संपल्याशिवाय दिसत नसे.

भूजल पातळी हा शब्द तिला ठाऊक नव्हता, आणि त्या वयात तो ठाऊक असण्याची गरजही नाही. पण तिने आठ महिने एक निरीक्षण केले, त्याची नोंद ठेवली, आणि मागच्या पिढीच्या आठवणीशी ते ताडून पाहिले. हे सुट्या वहीत झाले असते का? माझा अनुभव असा की, नसते झाले. वही भरली की बाजूला पडते, तिची पाने फाटतात, विमानेही होतात. इथे पाठ आणि नोंद एकाच शिवणीत होते. पाठ उघडला की पायऱ्या समोर येत आणि पायऱ्या उघडल्या की पाठ समोर येई. मुलाचे लिहिणे छापील मजकुराच्या शेजारी, त्याच कागदावर, त्याच पृष्ठक्रमांकाच्या ओळीत येते, तेव्हा मुलाला आपल्या लिहिण्याची किंमत वाढलेली वाटते. त्या मुलीच्या वर्गातल्या एका अबोल मुलाने चौथ्या भागात लिहिलेली ओळ मी विसरू शकत नाही : ‘पुस्तकात माझे पण एक पान आहे.’

शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना कृती, शोध आणि मूलकेंद्री शिकणे यांना महत्त्व दिले आहे. मूल स्वतः ज्ञान रचते, या विचाराला धरून असलेला ज्ञानरचनावाद हा शब्द आमच्या प्रशिक्षणांतून गेली अनेक वर्षे ऐकू येतो. २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात तर शाळांच्या फरशा आणि भिंती त्यासाठी रंगल्या. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील (शाळांच्या एका प्रशासकीय गटातील) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. त्या सगळ्या चर्चेला पाठ्यपुस्तकात दिलेली हक्काची जागा म्हणून मी या कोऱ्या पानाकडे पाहते. म्हणूनच ते केवळ वजनाच्या निकषावर जावे, याचे मला दुःख आहे.

तरीही पुस्तकाच्या रचनेतील तीन उणिवा स्पष्ट सांगायला हव्यात.

सर्वांत मोठी उणीव अशी की, पान सगळ्या विषयांना सारख्याच विचाराने दिले गेले. परिसर अभ्यासात आणि भाषेत ते शोभते. गणितात त्याला काम उरत नाही, कारण तिथे सरावाला वही लागतेच आणि दोन-तीन पानांवर धड सरावही होत नाही, धड विचारही मांडता येत नाही. गणितातली पाने काढून परिसर अभ्यासाला थोडी जास्त दिली असती, तर जाडीही आवरली असती. दुसरी गोष्ट चार भागांची. भाग संपला की तो घरी जातो. रोजच्या शिकवण्याला ते सोयीचे आहे. परंतु संकलित मूल्यमापनाच्या आधी उजळणी घेताना आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत मुलाला मागचे भाग पुन्हा लागतात. ज्या घरात पुस्तके ठेवायला फळी नाही, तिथे पावसाळ्यात संपलेला भाग मार्चमध्ये शोधणे सोपे नसते. माझ्या विहीर मोजणाऱ्या मुलीचा भाग टिकला तो तिच्या आईने धान्याच्या कोठीवर जपून ठेवला म्हणून. संपलेले भाग शाळेत जमा करून वर्गाच्या कपाटात ठेवावेत, एवढी साधी सूचना योजनेबरोबरच आली असती तर बरे झाले असते. तिसरी उणीव पुनर्वापराची. वर्षअखेर चांगल्या स्थितीतली पुस्तके जमा करून पुढच्या मुलांना देणे ही आपल्या शाळांची जुनी, काटकसरीची सवय आहे. वर्षाच्या मध्येच दाखल होणाऱ्या, विशेषतः ऊसतोड कामगारांच्या मुलांना त्या जुन्या संचांचा मोठा आधार असतो. मुलाने लिहिलेले पुस्तक दुसऱ्याला देता येत नाही. तेव्हा दर शाळेला काही जादा संच देण्याची तरतूद या रचनेबरोबरच व्हायला हवी होती.

पुस्तकावरील क्यूआर कोडविषयी एकच वाक्य पुरे आहे : दीक्षा या शासकीय ऑनलाइन प्रणालीवरील साहित्य शिक्षकाला तयारीसाठी उपयोगी पडते, पण मुलाच्या हाती ते पोहोचायला घरात मोबाइल आणि त्यात डेटा लागतो, आणि संध्याकाळी तो मोबाइल वडिलांबरोबर शेतावर असतो.

पुस्तकाच्या बाहेरची, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे शिक्षकाचा वेळ. कोऱ्या पानाला मोल येते ते कोणीतरी ते वाचते म्हणून. वाचून खाली ‘छान’ एवढेच लिहिले तर मूल दुसऱ्यांदा मनापासून लिहीत नाही. ‘अकरावी पायरी दिसायला यंदा इतकी घाई का झाली असेल?’ असा प्रश्न खाली लिहिला, तर मूल घरी जाऊन विचारते. माझ्याकडे दोन वर्ग आणि प्रत्येकाचे चार विषय आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठ विद्यार्थ्यांपर्यंत प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकाने एकाच वेळी अनेक वर्ग शिकवणे, बहुवर्ग अध्यापन, हीच अशा छोट्या शाळांची नेहमीची स्थिती आहे. त्यातून पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या शाळांच्या नोंदप्रणालीची माहिती, निरनिराळ्या ऑनलाइन लिंक आणि तातडीचे अहवाल यांत दिवसाचा मोठा भाग जातो. याच कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असे सांगते. हे कलम पाळले गेले आणि रोजचा अर्धा तास जरी मोकळा मिळाला, तरी मी तिसरीची सगळी पाने आठवड्यातून एकदा वाचू शकते. मुलांनी पानांचा वापर केला नाही असे म्हणताना, ती पाने वाचायला शाळेत कोणाला किती वेळ दिला होता, हेही त्याच कागदावर यायला हवे होते.

तयारीविषयीही हेच म्हणावे लागेल. निर्णय मार्चमध्ये झाला आणि जूनमध्ये पुस्तके वर्गात आली. पानाचा वापर कसा करावा, चांगली नोंद कशी असते, कशी नसते, यावर शिक्षकांनी एकमेकांची पाने समोर ठेवून बोलायला हवे होते. केंद्रस्तरीय शिक्षण परिषद दर महिन्याला होते. तिच्यासाठी यापेक्षा चांगला विषय मला सुचत नाही. आम्ही चार-पाच शिक्षिकांनी एकदा मधल्या सुट्टीत असे केले. प्रत्येकीने तीन पाने आणली होती. वीस मिनिटांत मला जे कळले ते त्याआधीच्या वर्षभरात कळले नव्हते, कारण शेजारच्या शाळेतील एका शिक्षिकेने मुलांना ‘मला न समजलेले’ असे शीर्षक देऊन लिहायला लावले होते, आणि ती पाने वाचून तिने पुढच्या तासाची आखणी केली होती. त्यानंतर मीही तसेच करू लागले. भागाकारात मुले नेमकी कुठे अडखळतात हे मला चाचणीच्या गुणांतून कळले नव्हते. ‘बाकी उरली की ती कुठे जाते’ या चौथीतल्या एका ओळीतून कळले.

गेल्या काही वर्षांत सरकारी शाळांविषयीचे निर्णय असेच झटपट येतात आणि झटपट जातात. एक राज्य एक गणवेश योजनेत २०२४-२५ चे गणवेश राज्य स्तरावरून आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचे ठरले. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये आला आणि जूनच्या अखेरीस रद्द झाला. चुकलेला निर्णय मागे घेणे योग्यच आहे. त्याबद्दल शासनाला दोष देणार नाही. माझी तक्रार मागे घेण्याच्या पद्धतीविषयी आहे. कोऱ्या पानांच्या बाबतीत काही शाळांत ती रिकामी राहिली आणि काही शाळांत ती भरून वाहिली. दोन्ही प्रकारच्या शाळांतून शे-दोनशे पुस्तके मागवून ती बालभारतीच्या विषय समित्यांनी नुसती चाळली असती, तरी कोणत्या विषयात, कोणत्या इयत्तेत, कोणत्या पाठापुढे हे पान ठेवण्यासारखे आहे ते ठरवता आले असते. दोन वर्षांत लाखो मुलांनी जे लिहिले ते राज्यातील सर्वांत मोठे शैक्षणिक साहित्य होते, आणि त्यातले बरेचसे आता रद्दीत गेले आहे.

पुस्तक म्हणून मी याला चांगले म्हणेन. पाठांची निवड आणि चित्रे आधीच्या पुस्तकांइतकीच सरस होती, चार भागांची कल्पना टिकवण्यासारखी होती, आणि भाषा व परिसर अभ्यासातील कोरे पान तर पुन्हा आणण्यासारखे आहे. वहीला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहिले तर ते अपुरे होते, आणि ते तसे असणारच होते. तिसरीच्या परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळे काढण्याची बालभारतीची जुनी पद्धत आहे. जिल्ह्यापर्यंत पोहोचलेले पुस्तक मुलाच्या गावापर्यंत न्यायचे तर तिथला मजकूर मंडळ लिहू शकत नाही; तो मुलालाच लिहावा लागेल. नव्या तिसरीच्या पुस्तकात प्रत्येक घटकापुढे एकच पान, आणि फक्त याच कामासाठी, एवढी मागणी मी करते. त्याने वजन किती वाढेल ते मंडळाने काट्यावर ठेवून पाहावे.

त्या मुलीच्या पुस्तकाचा तो भाग तिच्या आईला विचारून मी वर्गाच्या कपाटात ठेवून घेतला आहे. या वर्षी पाण्याचा पाठ शिकवताना तो तिसरीच्या नव्या मुलांच्या हाती दिला. तो वर्गभर फिरला, आणि परत माझ्याकडे येण्याआधीच मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘बाई, आता किती दिसतात?’ दुसऱ्या दिवशी शाळेत येताना चौघे जण विहिरीवरून आले. पाच, असे त्यांनी सांगितले. पुस्तकात जागा नसल्यामुळे त्यांनी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे.